स्वतः गणित करून काढलेल्या तिथींच्या फाईली : कॉपीराइट नेमका कशावर?

गोदातीर

नमस्कार. या समूहात वकील आहेत, प्रोग्रामर आहेत आणि पंचांग जाणणारेही आहेत, म्हणून विषय सविस्तर मांडतो.

नाशिकच्या अक्षांश-रेखांशावर सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय आणि तिथी, नक्षत्र, योग, करण यांच्या समाप्तीच्या वेळा काढून मी त्यांच्या साध्या सीएसव्ही फाईली, म्हणजे मजकुरातले तक्ते, बनवल्या. २०२५ पासून पुढच्या दहा वर्षांच्या. कोणीही उतरवून घ्याव्यात, आपल्या ॲपमध्ये किंवा सोसायटीच्या फलकावर वापराव्यात, म्हणून त्या नेटवर खुल्या ठेवल्या. कारण साधं आहे. घरोघरी ज्या दिनदर्शिका लागतात त्यांत वेळा बहुधा मुंबईच्या असतात. नाशिक मुंबईच्या पूर्वेला जवळपास एक अंशावर आहे, तेवढ्यानेच आपला सूर्योदय साडेतीन-चार मिनिटं आधी होतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत बसलेल्या घरांत दर महिन्याला हाच प्रश्न असतो, की नाशिकची वेळ कोणती? आता सिंहस्थ तोंडावर आहे, बाहेरून येणाऱ्यांसाठी माहितीची ॲप बनवणारी बरीच मुलंही अशा फाईली शोधत असतात.

गेल्या आठवड्यात एका पंचांग प्रकाशकाच्या वतीने ईमेल आला. आमच्या पंचांगातल्या तिथींच्या वेळा आणि तुमच्या फाईलमधल्या वेळा मिनिटाला मिनिट जुळतात, म्हणजे तुम्ही त्या उचलल्या आहेत. सात दिवसांत फाईली काढा, नाहीतर कॉपीराइट कायद्याखाली दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू, असा मजकूर. प्रकाशकाचं नाव मी इथे घेणार नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नयेत.

त्यांच्या पंचांगातला एकही आकडा मी घेतलेला नाही. गणित माझ्या संगणकावर झालं. तूर्त फाईली खाली काढल्या आहेत. पण प्रश्न माझ्यापुरता नाही. आकाश एक, गाव एक, घड्याळ एक. दोघांनी स्वतंत्रपणे गणित केलं आणि उत्तर एकच आलं, तर ते उत्तर आधी छापणाऱ्याच्या मालकीचं होतं का?

सिडकोतली_प्रोग्रामर

कायद्याचं आपल्यातले वकील शरणपूररोड सांगतीलच. त्याआधी एक विचारते, ग्रहांची स्थानं कुठून घेतलीत? आणि कोणती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरलीत? स्विस एफेमेरिस वापरलं असेल तर ते दुहेरी लायसन्सवर मिळतं. एक तर एजीपीएल पाळा, म्हणजे तुमचा प्रोग्रामही सोर्ससकट खुला करा, नाहीतर पैसे भरून व्यावसायिक लायसन्स घ्या. प्रोग्रामचा कॉपीराइट आणि प्रोग्राममधून बाहेर पडलेल्या आकड्यांचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत, तरी नोटीस आली की समोरचा सगळंच उकरतो.

गोदातीर

स्विस एफेमेरिस नाही. नासाच्या जेपीएलने सर्वांसाठी ठेवलेली डीई ४४० ही ग्रहस्थानांची फाईल घेतली, ती वाचायला एमआयटी या खुल्या लायसन्सची पायथन लायब्ररी. तिथी-नक्षत्राचा कोड माझा स्वतःचा आहे आणि तोही खुला आहे. पडताळणीसाठी कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरचं राष्ट्रीय पंचांग समोर ठेवलं होतं.

शरणपूररोड

मी वकिली करतो. इथलं मत म्हणजे तुमच्या प्रकरणातला सल्ला धरू नका, कागद बघितल्याशिवाय तो कोणीच देऊ नये. पण तत्त्व सांगतो, कारण यात लोक नाहक घाबरतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम २(ओ) मध्ये साहित्यकृतीची व्याख्या आहे. तिच्यात संगणक प्रोग्राम, कोष्टके, संकलने आणि संगणकीय डेटाबेससुद्धा येतात. नोटीस पाठवणारे याच ओळीवर बोट ठेवतात. पण डेटाबेसला संरक्षण आहे म्हणजे त्यातल्या प्रत्येक आकड्याला आहे असं नाही. संरक्षण असतं ते निवडीला आणि मांडणीला, आणि तेही त्या निवडीत-मांडणीत मूळ लेखकाची काही बुद्धी दिसली तर. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये हे स्पष्ट केलं. न्यायालयांचे निवाडे मूळ स्वरूपात कोणालाही छापता येतात. प्रकाशकाने त्यात परिच्छेद पाडले, कोणत्या न्यायमूर्तींचं मत सहमतीचं आणि कोणाचं भिन्न ते दाखवलं, एवढ्या भागाला हक्क मिळाला. नुसते कष्ट आणि पैसा ओतला म्हणून हक्क मिळत नाही, त्यात थोडी तरी सर्जनशीलता लागते, हा त्या निकालाचा गाभा आहे.

अमेरिकेत १९९१ मध्ये ‘फाइस्ट’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन डिरेक्टरीबद्दल हेच म्हटलं होतं. त्यात एक गंमतीची नोंद आहे. मूळ कंपनीने चोरी पकडण्यासाठी यादीत खोट्या नोंदी पेरल्या होत्या आणि त्यातल्या चार प्रतिस्पर्ध्याच्या डिरेक्टरीत सापडल्या. म्हणजे नक्कल झाल्याचं सिद्ध झालं. तरीही खटला मूळ कंपनी हरली, कारण नाव, गाव आणि नंबर ही वस्तुस्थिती आहे आणि त्यांची वर्णानुक्रमे मांडणी कोणीही तशीच केली असती.

तुमची बाजू त्याहून भक्कम आहे, कारण तुम्ही नक्कलच केलेली नाही. पेटंट आणि कॉपीराइट यांतला मोठा फरक इथेच आहे. पेटंटमध्ये तुम्ही स्वतंत्रपणे तोच शोध लावलात तरी अडकता. कॉपीराइटचा भंग व्हायला मुळात कॉपी व्हावी लागते.

मुद्रणशुद्धी

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. माझे वडील पंचांगाची प्रुफं तपासायचे. एका संवत्सराच्या पंचांगामागे गणित करणारे, तपासणारे, धर्मशास्त्र बघणारे असे कितीतरी लोक आदल्या वर्षापासून राबतात. पूर्वी ग्रहलाघवावरून सारण्या लावून हाताने गणित व्हायचं. तो ग्रंथ गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचला. त्यात ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) टाळून गणित सोपं केलं होतं, तरी एका पानाला तास लागायचे. आता संगणक आला म्हणून त्या कष्टांची किंमत शून्य झाली का? कोणीतरी छापील पंचांग समोर ठेवून टाइप करतो आणि ‘मी काढलं’ म्हणतो, हेही घडतं. प्रकाशकाने संशय घेतला तर तो पूर्ण निराधार म्हणता येणार नाही.

गोदातीर

काका, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो. टाइप करून ‘मी काढलं’ म्हणणारे आहेत आणि त्यांच्यामुळेच प्रामाणिक माणसाकडे बोट दाखवलं जातं. पण म्हणूनच आकडे जुळले एवढ्यावर चोरी ठरवू नये, असं मला म्हणायचं आहे. थोडं गणित सांगतो.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. हे कोन पृथ्वीच्या केंद्रावरून मोजतात. त्यामुळे तिथी संपण्याचा क्षण नाशिकला, नागपूरला आणि चेन्नईला एकच असतो, भारतीय प्रमाणवेळेत एकच आकडा. शिवाय तिथीत सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतरच मोजायचं असल्याने अयनांश (राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा त्यातला फरक) दोन्हीकडून वजा होतो आणि नाहीसा होतो. म्हणजे आधुनिक दृक्‌गणिताने तिथी काढणारा माणूस कोणत्याही गावचा, कोणत्याही अयनांशाचा असो, त्याची तिथी-समाप्ती मिनिटाला मिनिट इतरांशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर त्याचं गणित चुकलं. चंद्राच्या स्थानात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तरी तिथी साधारण दोन मिनिटं सरकते.

नोटिशीत पुरावा म्हणून दिलाय तो नेमका तिथीचा रकाना, जिथे जुळण्याला पर्यायच नाही.

आता बाकीचे रकाने बघा. सूर्योदय. मी सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसते तो क्षण धरतो, वातावरणाच्या वक्रीभवनासकट. म्हणजे बिंबाचं केंद्र क्षितिजाच्या ५० कला खाली असताना. त्यांच्या पंचांगात केंद्र प्रत्यक्ष क्षितिजावर येण्याचा क्षण धरलेला दिसतो. आपल्या अक्षांशावर त्याने साडेतीन मिनिटांच्या आसपास फरक पडतो आणि तो वर्षभर प्रत्येक ओळीत आहे. नक्षत्रांत अयनांश लागतोच. तिथे मी चित्रापक्ष अयनांश घेतला तरी सूक्ष्म व्याख्येमुळे बऱ्याच ओळी त्यांच्यापेक्षा एका मिनिटाने वेगळ्या आहेत. मी नक्कल केली असती तर हे दोन्ही रकानेही जुळले असते.

मुद्रणशुद्धी

सूर्योदयाचा हा फरक महत्त्वाचा आहे. तिथी त्या तीन-चार मिनिटांत संपत असेल तर एकाच दिवसाची उदयतिथी, म्हणजे सूर्योदयाला असलेली तिथी, दोन पंचांगांत दोन येतील. एकादशी कोणत्या दिवशी यावरून घरात वाद होतात ते अशाच ठिकाणी. तुमच्या फाईलमध्ये सूर्योदयाची व्याख्या वरच लिहिलेली असावी.

गोदातीर

लिहिली आहे, पण वेगळ्या रीडमी फाईलमध्ये. सीएसव्हीच्या पहिल्या ओळीतच घेतो.

सिडकोतली_प्रोग्रामर

हे वाचून मला टाइमझोन डेटाबेसची गोष्ट आठवली. आपल्या विषयाशी तिचं जवळचं नातं आहे.

प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर एक छोटा डेटाबेस असतो. कोणत्या देशात कधी कोणती प्रमाणवेळ होती याच्या नोंदी त्यात असतात. उदाहरणार्थ, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारतात घड्याळं तासभर पुढे होती, ग्रिनिचपासून साडेसहा तास. त्या काळात जन्मलेल्या आजी-आजोबांची पत्रिका करताना हा तास वजा केला नाही तर लग्नरासच चुकते, हे त्र्यंबकवासी जास्त चांगलं सांगतील. हा डेटाबेस आर्थर डेव्हिड ओल्सन आणि पॉल एगर्ट यांनी वर्षानुवर्षं सांभाळला, त्यातून कमाई शून्य. ३० सप्टेंबर २०११ रोजी ॲस्ट्रोलेब नावाच्या अमेरिकन ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने दोघांवर बॉस्टनच्या कोर्टात दावा लावला. जुन्या वेळांच्या नोंदी ज्या ॲटलसमधून घेतल्या त्याचे हक्क आमच्याकडे आहेत, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरात ओल्सन यांनी सर्व्हर बंद केला. जगभरचे सर्व्हर ज्यावर चालतात ती गोष्ट एका नोटिशीने बंद पडली! काही दिवसांत इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयानाने डेटाबेस आपल्याकडे घेतला, ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था दोघांच्या बाजूने उभी राहिली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने दावा मागे घेतला. ऐतिहासिक वस्तुस्थिती कोणाच्याच मालकीची नसते, हे आता आम्ही मानतो, असं तिने जाहीरपणे म्हटलं.

लक्षात घ्या, ओल्सन-एगर्ट यांनी ॲटलसचा वापर लपवला नव्हता, डेटाबेसच्या टिपांमध्येच त्याचा उल्लेख होता. गोदातीर यांनी तर फाईली बनवताना समोरच्याचं पंचांग उघडलंही नाही. म्हणून सांगते, फाईली खाली ठेवू नका. तुम्ही मागे हटलात की पुढच्या मुलाला तीच नोटीस जाईल.

त्र्यंबकवासी

युद्धकाळाच्या तासाबद्दल बरोबर. जुन्या पत्रिका येतात तेव्हा आम्ही पहिलं तेच विचारतो, की टिपलेली वेळ घड्याळाची की सुधारलेली.

मला विचारायचं ते वेगळं आहे. तिथी ही आकाशातली गोष्ट, मान्य. पण पंचांगात मुहूर्तही असतात. विवाहाचे, उपनयनाचे, वास्तूचे. तिथे गणितकार नुसता आकडा काढत नाही, त्याज्य काय आणि ग्राह्य काय हे तो ठरवतो. स्मार्त आणि भागवत एकादशी, क्षयतिथीचं श्राद्ध, अधिक मासातली वर्ज्य कर्मं, यांत निर्णय असतो आणि निर्णयात परंपरा असते. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आला, त्यावरही प्रत्येक पंचांगाचा मजकूर आपापला होता. तुमच्या फाईलमध्ये मुहूर्तांचा रकाना आहे का?

गोदातीर

होता. नेहमीचे नियम कोडमध्ये बसवून काढलेला, कोणाच्या यादीवरून नाही.

शरणपूररोड

त्र्यंबकवासींनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. तिथीची यादी म्हणजे वस्तुस्थिती. मुहूर्तांची यादी ही निवड असते, आणि निवडीत बुद्धी आहे असं एखादं न्यायालय म्हणू शकतं. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्या. ग्रंथांत दिलेला नियम स्वतः कोणाच्या मालकीचा नसतो. कल्पना, पद्धत, विषय यांवर कॉपीराइट नाही, हे १९७८ च्या ‘आर. जी. आनंद’ खटल्यापासून पक्कं आहे. आणि स्वतंत्रपणे केलेली निवड जुळली तर तोही भंग होत नाही. पण ती स्वतंत्र होती हे दाखवावं लागेल. पंचांगातले लेख, व्रतांची माहिती, राशिभविष्य, चित्रं, पानांची रचना यांवर प्रकाशकाचा हक्क निःसंशय आहे. तिथे हात लावू नये.

याउलट एक जुना निकाल प्रकाशकाच्या बाजूने दाखवला जातो. १९९५ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा, ‘बर्लिंग्टन होम शॉपिंग विरुद्ध रजनीश छिब्बर’. पोस्टाने माल विकणाऱ्या कंपनीची ग्राहकांची यादी तिच्याच माजी कर्मचाऱ्याने उचलली होती. न्यायालयाने ती यादी संरक्षित मानली. पण तिथे यादी उचललेली होती, आणि हा निकाल मोडक निकालाच्या बारा वर्षं आधीचा आहे. युरोपात १९९६ पासून डेटाबेस बनवायला घातलेल्या खर्चालाच पंधरा वर्षांचा वेगळा हक्क देणारा नियम आहे. भारतात तसा हक्क नाही. नोटीस लिहिणारे कधीकधी तिकडची भाषा इकडे वापरतात.

आणखी एक, सर्वांसाठी. कॉपीराइट नसला म्हणजे वाट मोकळी असं नाही. कोणाच्या संकेतस्थळावरून परवानगीशिवाय डेटा उतरवून घेतला तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ लागू शकतं. आकडे फुकट असतील, पण दुसऱ्याचा सर्व्हर खरवडायची मुभा नाही. स्वतः गणित करण्याचा खरा फायदा इथे आहे.

त्र्यंबकवासी

मग आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचं काय? रामकुंडावर आणि इथे त्र्यंबकला पिढ्यानपिढ्यांच्या नामावळी आहेत. यजमानांनी स्वहस्ते लिहिलेली नावं, गाव, पूर्वज. कोणी त्यांचे फोटो काढून डेटाबेस केला तर?

शरणपूररोड

स्वतंत्र धागा काढण्याजोगा प्रश्न आहे. थोडक्यात, नावं ही वस्तुस्थिती आहे, पण वही तुमच्या ताब्यातली आहे आणि ती दाखवायची की नाही हे तुम्ही ठरवता. शिवाय हयात माणसांची माहिती आली की गोपनीयतेचा कायदा येतो. कॉपीराइट तिथे सगळ्यात छोटा मुद्दा आहे.

उपनगर

फौजदारीच्या धमकीचं काय? घरचे लोक त्या एका शब्दानेच घाबरतात.

शरणपूररोड

कलम ६३. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, वाचायला भयंकर. पण ते जाणूनबुजून भंग करणाऱ्याला आहे. इथे भंगच नाही.

त्यापेक्षा कलम ६० वाचा, लोकांना ते माहीतच नसतं. कॉपीराइटच्या नावाखाली कोणी निराधार धमकी देत असेल, तर ज्याला धमकी आली तो स्वतः कोर्टात जाऊन ‘हा भंग नाही’ असं जाहीर करून मागू शकतो, धमक्या थांबवण्याचा मनाई हुकूम मागू शकतो आणि नुकसानभरपाईही. समोरच्याने वेळेत खरोखर दावा दाखल केला तर मात्र हे कलम लागू होत नाही, मग लढाई त्या दाव्यात. दावा ते त्यांच्या स्वतःच्या गावच्या जिल्हा न्यायालयातही लावू शकतात, कलम ६२ तशी मुभा देतं, तेवढी तयारी ठेवा.

गोदातीर, आधी साधं उत्तर पाठवा. कोणती मूळ फाईल, कोणती लायब्ररी, कोणता कोड, सूर्योदयाची व्याख्या काय, आणि तिथीचा रकाना का जुळतो. सोबत दोन पानांची तुलना जोडा, सूर्योदय आणि नक्षत्र कुठे वेगळे आहेत ते खुणा करून. त्यांच्या पंचांगातली एखादी छपाईची चूक माझ्या फाईलमध्ये दाखवा, असंही लिहा. नक्कल पकडली जाते ती चुका जुळल्या की. बरोबर उत्तरं तर सगळ्यांची जुळतात. भाषा सौम्य ठेवा, त्यांच्याकडेही गणित जाणणारे कोणीतरी असणारच.

सिडकोतली_प्रोग्रामर

आणि कोडचा पूर्ण इतिहास सार्वजनिक रेपॉझिटरीत राहू द्या. दुसऱ्या कोणी तो चालवून तीच फाईल बाइटला बाइट तशीच मिळवली, तर याहून चांगला साक्षीदार कोण? मी आजच चालवून बघते. लायसन्स कोणतं देणार आहात? आकड्यांवर हक्क नाही म्हणायचं आणि ‘नाव दिल्याशिवाय वापरू नका’ अशी अटही घालायची, हे विसंगत होईल. डेटाला सीसी-झीरो द्या, म्हणजे सगळे हक्क सोडून द्या, कोडला एमआयटी.

गोदातीर

पटलं. डेटा सीसी-झीरो, कोड एमआयटी. मुहूर्तांचा रकाना काढून टाकतो. भीतीने नाही. त्र्यंबकवासींचं बरोबर आहे, तो निर्णय शास्त्र जाणणाऱ्याने द्यावा, माझ्या कोडने नाही. प्रकाशकाला आज रात्री उत्तर पाठवतो आणि उद्या फाईली पुन्हा वर ठेवतो.

मुद्रणशुद्धी

पुन्हा वर ठेवण्याआधी संकष्टीच्या चंद्रोदयाचा रकाना मला पाठवा. डोळे अजून चांगले आहेत, दहाही वर्षं ओळीने तपासून देतो. तुमचं उत्तरही पाठवण्याआधी एकदा दाखवा. पंचांगवाल्याला कोणता शब्द लागतो आणि कोणता पटतो ते मला ठाऊक आहे.

सिडकोतली_प्रोग्रामर

चालवून बघितलं. तिथी, नक्षत्र, सूर्योदय तिन्ही फाईली तंतोतंत तशाच आल्या. चंद्रोदयात मात्र काही दिवस रिकामे आहेत. त्या दिवशी मध्यरात्र ते मध्यरात्र या वेळात चंद्र उगवतच नाही, ते बरोबरच आहे, पण रिकाम्या जागेऐवजी तिथे काहीतरी खूण ठेवा. नाहीतर ॲप बनवणारी मुलं ती चूक समजून आदल्या दिवसाची वेळ तिथे भरतील.